मास्तरीणबाईंचा पगार

बाजाराच्या मागच्या रस्त्याला, चपलांचं दुकान आणि बंद पडलेला छापखाना यांच्या मधोमध मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक खोली, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा मोठा तक्ता, प्लास्टिकच्या काही खुर्च्या आणि एक टेबल. टेबलाच्या काचेखाली मास्तरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'शिस्त हीच सुरक्षितता'. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला मास्तरांनी शिकवलं होतं. उरलेले निम्मे त्यांच्या ओरडण्याला भिऊन आयुष्यभर पायी चालत होते.

रस्त्यावर मास्तर नियमाचे पक्के. रिकाम्या रस्त्यावरही वळताना दिवा दाखवणार, रात्री समोर कोणी नसलं तरी लाल सिग्नलला थांबणार, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी पिवळा दिवा दिसताच त्यांचा पाय खाली ब्रेक शोधू लागणार. पण रस्ता संपून हिशेब सुरू झाला, की याच मास्तरांना एकही सरळ वाट पसंत पडत नसे. कर भरणं हे त्यांच्या मते नवशिक्यांचं काम. ज्याला गाडी वळवून काढता येते त्याने सरळ जाऊन कशाला आदळायचं, असा त्यांचा सवाल असे, आणि तो ते चारचौघांत अभिमानाने विचारत.

त्यामुळे दरवर्षी त्यांचा खर्चाचा तपशील मोठा वाचनीय होत असे. स्कूलच्या मागे विटांवर उभी असलेली जुनी गाडी, जिची चाकं मास्तरांनी कधीच विकून खाल्ली होती, ती कागदावर महिन्याला कित्येक टाक्या पेट्रोल पीत होती. थंड हवेच्या ठिकाणी सहकुटुंब केलेली सहल तिथे 'डोंगराळ भागातील वाहनचालनाचा अभ्यासदौरा' झाली होती. आणि या सगळ्याच्या वर, देवळाच्या कळसासारख्या, होत्या 'वरिष्ठ प्रशिक्षक'. स्कूलच्या खर्चातली सगळ्यात मोठी रक्कम म्हणजे या वरिष्ठ प्रशिक्षकांचा पगार.

वरिष्ठ प्रशिक्षक म्हणजे मास्तरांची बायको. मास्तरांची बायको म्हणून सगळं गाव तिला मास्तरीणबाई म्हणायचं. तिला गाडी चालवता येत नव्हती. लग्नानंतर दोनचार वर्षांनी तिने एकदा शिकवता का म्हणून विचारलं होतं. मास्तर म्हणाले होते, "तुला जायचंय कुठे?" तो विषय तिथेच मिटला.

गाडी येत नसली तरी बाकी सगळं तीच बघायची. फोन घ्यायचा, कोणाची वेळ सकाळची आणि कोणाची संध्याकाळची ते ठरवायचं, दोघांना एकच वेळ दिली गेली तर दोघांची समजूत काढायची, परीक्षेच्या तारखा आठवणीने कळवायच्या, मास्तरांच्या तोंडून नको ते ऐकून रडत बाहेर आलेल्या मुलींना पाणी देऊन दुसऱ्या दिवशी परत यायला लावायचं. ही शेवटची कामगिरी नसती तर स्कूल केव्हाच बसलं असतं. पण घर स्कूलच्या भिंतीपलीकडेच, फोन त्या घरातच होता आणि तो ती भाजी चिरता चिरता उचलायची, त्यामुळे ते काम आहे असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मास्तरांच्या तर नाहीच नाही.

अशा सुखात चाललेलं असताना कर कार्यालयाची नोटीस आली. स्कूलच्या हिशेबाची तपासणी होणार होती. पेट्रोल, दुरुस्ती आणि अभ्यासदौरा यांचे पुरावे घेऊन मास्तरांनी हजर राहायचं होतं, आणि खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं की वरिष्ठ प्रशिक्षकांनीही जातीने यावं, त्यांना काही विचारायचं आहे.

मास्तरांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातला. त्या दुपारी त्यांनी कोणावर आवाज चढवला नाही. एकाने गाडी फुटपाथवर चढवली तरी ते गप्प बसून राहिले. तो विद्यार्थी इतका घाबरला की त्याने दुसऱ्या दिवशी येणंच टाळलं.

संध्याकाळी मास्तर आपल्या कर सल्लागाराकडे गेले. औषधांच्या दुकानावरच्या माडीवर त्याचं ऑफिस होतं. वर्षानुवर्षं मास्तरांचे कागद हाच भरत आला होता, आणि फी घेताना तो 'तुमचा कर मी वाचवला' असं म्हणायचा. आता नोटीस वाचून त्याने चष्मा काढला.

"हा बायकोचा पगार दाखवायची कल्पना तुमची होती ना, मास्तर?"

"माझी? तुम्हीच म्हणालात, घरात कोणी असेल तर दाखवून टाका म्हणून."

"मी म्हणालो, घरात कोणी काम करत असेल तर. करत असेल तर. हे शब्द तुम्ही गाळलेत."

मास्तरांनी पुढे काय करायचं ते विचारलं. सल्लागार म्हणाला की मार्ग पुष्कळ आहेत. आजारी पडून मुदत मागता येते. कागदांचे इतके गठ्ठे नेऊन टाकता येतात की अधिकारी कंटाळतो. किंवा चूक झाली म्हणून मान खाली घालता येते, कर आणि दंड भरून मोकळं होता येतं.

"यातलं तुम्ही काय कराल?" मास्तरांनी विचारलं.

"मी कशाला काही करीन? नोटीस तुम्हाला आलीये," सल्लागार म्हणाला. आणि सल्ल्याची फी त्याने त्याच बैठकीत घेतली, कारण पुढचं काही सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

मान खाली घालायचा मार्ग मास्तरांना मुळीच मानवणारा नव्हता. ते थोरल्या भावाकडे गेले. थोरले पाणीखात्यातून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही कचेरीचं नाव निघालं की 'तिथे आपली वर ओळख आहे' असं म्हणायचे. कर कार्यालयातही होती. दोन दिवस फोनाफोनी करून त्यांनी त्या ओळखीच्या माणसाला चहाला बोलावलं. माणूस आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला की साहेबमंडळींच्या तो अगदी निकटचा आहे.

"म्हणजे कुठल्या विभागात असता आपण?" मास्तरांनी हात जोडूनच विचारलं.

"विभाग सगळेच. पंखे आणि एसी आपल्याकडे आहेत त्यांचे. दुरुस्तीचं कंत्राट."

मास्तरांनी थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी चहात साखर कमी पडल्याचं सांगून आत धूम ठोकली. पंखेवाला मात्र मनाचा मोठा होता. तुमची केस ज्या मॅडमकडे आहे त्यांच्या डोक्यावरचा पंखा मीच बसवलाय, असं त्याने दिलासा दिल्यासारखं सांगितलं, आणि जाताना मास्तरांच्या स्कूलमधल्या पंख्यासाठी कार्ड ठेवून गेला.

मग मास्तरांनी स्वतःच ठरवलं. बायकोने वरिष्ठ प्रशिक्षक म्हणून उभं राहायचं आणि छातीठोक सांगायचं, की होय, मी शिकवते. पुरावा हवाच कशाला? अख्खं गाव तिला मास्तरीण म्हणतं. हा मुद्दा त्यांना इतका बिनतोड वाटला की वाटेत ते दोनदा स्वतःशीच हसले.

अडचण एवढीच, की हे आधी मास्तरीणबाईला सांगायला हवं होतं. जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला. ती टेबल पुसत होती. ते बोलत गेले तसतसा तिचा हात मंदावला आणि मग थांबला.

"मला पगार आहे?"

"कागदावर गं. सगळेच करतात."

"किती वर्षं?"

"झाली असतील पाचसात."

ती खुर्ची ओढून समोर बसली. चिडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. चिडलेल्या माणसावर ओरडण्याची त्यांना सवय होती. पण ती अगदी नोकरीची चौकशी करायला आल्यासारखी विचारू लागली.

"दरवर्षी वाढत होता का?"

"हो. वाढवावा लागतो. नाहीतर खोटा वाटतो."

"आणि बोनस?"

मास्तर छताकडे पाहत म्हणाले, "एकदा दिला होता."

"कशाबद्दल?"

"उत्कृष्ट कामगिरी असं लिहिलंय."

मास्तरीणबाईला एकदम आठवलं. "दरवर्षी तुम्ही माझ्या सह्या घ्यायचात. गॅसचे कागद आहेत म्हणायचात."

"त्यात गॅसचाही एक असायचा," मास्तर म्हणाले. तेवढा खरेपणा त्यांनी पाळला होता.

दुसऱ्या दिवसापासून तिचं शिक्षण सुरू झालं. अधिकाऱ्याने काही विचारलंच तर निदान क्लच कुठला आणि ब्रेक कुठला एवढं तरी सांगता यावं, असा मास्तरांचा हिशेब होता. नेहमीच्या रस्त्यावर नेलं तर लोक विचारतील, म्हणून गुपचूप तिचं शिकाऊ लायसन्स काढून ते तिला गावाबाहेरच्या बंद कारखान्याच्या मैदानात नेऊ लागले. पहिल्याच दिवशी गाडी तीनदा बंद पडली आणि मास्तर नेहमीच्या पट्टीत सुरू झाले. डोकं घरी ठेवून आलीस का, पाय आहेत की खांब, वगैरे. हे सगळं ती भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकत आली होती. तिने गाडी थांबवली, किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकली.

"आता काय झालं?"

"मी वरिष्ठ आहे ना? मग वरिष्ठांशी असं बोलतात का?"

मास्तर हसायला गेले, पण ती हसत नव्हती. किल्ली पर्समध्ये होती आणि मैदानापासून घर लांब होतं. अखेर त्यांनी घसा खाकरून क्लच हळू सोडायला सांगितलं, 'जरा' हा शब्द लावून. त्या मैदानात त्या शब्दाचा तो पहिलाच वापर असावा. आठवडाभरात तिने गाडी छान हातात घेतली. मास्तरांना त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण जी गोष्ट शिकायला आपल्या ओरडण्याशिवाय कोणाला जमत नाही असं ते आयुष्यभर सांगत आले, ती न ओरडता एवढ्या लवकर जमते, हे त्यांना जरा झोंबलंच.

तोवर सल्लागाराने एक प्रतिज्ञापत्र तयार करून पाठवलं. मी अमुक वर्षांपासून सदर संस्थेत वाहनचालनाचे प्रशिक्षण देत असून मला माझे वेतन नियमितपणे मिळालेले आहे. खाली सहीची जागा. मास्तरांनी पेनाचं टोपण काढून तिच्यापुढे धरलं.

मास्तरीणबाईने या खेपेला कागद वाचला. दोनदा वाचला. "शिकवते म्हणून खोटं सांगायचं, ते एक," ती म्हणाली. "आणि पगार मिळाला म्हणून सांगायचं, ते दुसरं. म्हणजे खोटं दोनदा."

"एकाच सहीत होतंय ना सगळं."

"हो. पण पगार मिळाला असं मी लिहून देणार असेन, तर तो मला मिळाला पाहिजे. इतक्या वर्षांचा. वाढीसकट. आणि तो बोनस."

"अगं, वेड लागलंय का? तो नुसता कागदावर होता."

"मग खोटंही कागदावरच राहू द्या. मी सही करणार नाही, तोंडाने बोलणारही नाही. फुकटात तर नाहीच."

मास्तरांनी समजावलं, आवाज चढवला, अबोला धरला. अबोल्यात फोन वाजला की ती नेहमीसारखी उचलायची आणि त्यांना चिठ्ठीवर वेळ लिहून द्यायची, त्यामुळे त्याचाही काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी ते कागद पेन घेऊन बसले. एका बाजूला त्यांनी बायकोचा सगळा थकलेला पगार मांडला. दुसऱ्या बाजूला, खरं सांगितलं तर किती कर, किती व्याज आणि जास्तीत जास्त किती दंड पडेल ते मांडलं. दोन्ही बेरजा पाहून त्यांचे डोळे विस्फारले. पुन्हा बेरीज केली. खरं बोलणं चक्क निम्म्याहून स्वस्त पडत होतं.

अशा रीतीने मास्तर प्रामाणिक झाले.

सल्लागाराला त्यांनी फोनवरून निर्णय कळवला तेव्हा तो म्हणाला की अगदी हाच सल्ला तो पहिल्या दिवसापासून देत होता. मात्र सुनावणीच्या सकाळी त्याच्या पोटात दुखू लागलं. मास्तर आणि मास्तरीणबाई दोघंच गेले. कार्यालयाचा जिना, मग लांबलचक बोळ, बोळात फायलींची कपाटं आणि त्यांना खेटून बाक. बाकावर बसलेला प्रत्येक जण शेजारच्याने काय केलं असेल याचा अंदाज घेत होता.

अधिकारी मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या होत्या. बोलणं सौम्य, पण एकेक कागद अशा उलटत होत्या की मास्तरांना आपणच परीक्षकाच्या शेजारी गाडी चालवायला बसल्यासारखं वाटलं. पेट्रोलच्या पावत्या पाहून त्यांनी विचारलं, "ही दुसरी गाडी सध्या कुठे आहे?"

"स्कूलच्या मागे."

"चालते?"

"चालायची," मास्तर म्हणाले.

अभ्यासदौऱ्याच्या बिलात लहान मुलांच्या घोडेस्वारीची पावतीही जोडलेली होती. ती मॅडमनी नुसती बाजूला काढून ठेवली, काही बोलल्या नाहीत. मास्तरांना ते बोलण्याहून वाईट वाटलं. मग त्या मास्तरीणबाईकडे वळल्या.

"तुम्ही वरिष्ठ प्रशिक्षक?"

मास्तरांनी घाईने, पाठ केल्यासारखं, सांगून टाकलं. की ही शिकवत नाही. पगार दाखवला तो चुकून दाखवला गेला. आपण नियमाने वागणारा माणूस असून आता सगळं भरून टाकायची इच्छा आहे.

"चुकून, दरवर्षी वाढवून?" मॅडम म्हणाल्या. मॅडमनी पुन्हा तिलाच विचारलं, "म्हणजे तुम्ही तिथे काहीच करत नाही?"

"करते की. फोन घेते. वेळा लावते. परीक्षेचं बघते. रडणाऱ्यांना परत आणते."

"रोज?"

"फोन रोजच येतात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, हे काम खरं आहे. याचा पगार तुम्ही यांना खरोखर दिला असता, बँकेतून, तर तो खर्च मी मान्य केला असता. तेवढा कर कायदेशीर वाचला असता. तुम्ही जे काम होत नव्हतं त्याचा पगार दाखवलात, आणि जे होत होतं त्याचा दिला नाहीत."

मास्तरांना यातलं 'तेवढा कर वाचला असता' एवढंच नीट ऐकू आलं. घरी जाईपर्यंत ते हळहळत होते.

निकाल महिन्याभरात लागला. पेट्रोल, दौरा आणि पगार, सगळा खर्च फेटाळला. कर आला, व्याज आलं. स्वतःहून कबूल केल्यामुळे दंड थोडका लागला. मास्तरांनी विटांवरची गाडी भंगारात घातली, बाकीची रक्कम हप्त्यांनी भरली, आणि गावात सांगत सुटले की मी सरळ जाऊन खरं काय ते सांगितलं, अधिकारी उभ्या राहिल्या खुर्चीतून. नव्या बॅचला ते आता पहिल्या तासाला अर्धा तास सचोटीवर बोलतात. विद्यार्थ्यांची त्याला हरकत नसते. तेवढाच वेळ ओरडा कमी बसतो.

मास्तरीणबाईने मात्र मॅडमचं बोलणं पूर्ण ऐकलं होतं. पक्कं लायसन्स हातात आल्यावर तिने मास्तरांना विचारलं, की फोनचं आणि वेळांचं काम मी पुढे करायचं, तर महिन्याला काय द्याल? मास्तर म्हणाले, "घरच्या माणसाला कसला पगार? तो खटाटोप कागदावर ठीक होता." तिने बरं म्हटलं. पुढच्या महिन्यात ती स्टँडजवळ नवीन निघालेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात रुजू झाली. मालकाला गाडी शिकवता येत होती, माणसं सांभाळता येत नव्हती, आणि ही कोण, किती वर्षं काय करते, हे गावात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. मास्तरांकडून रडत बाहेर पडलेल्या काही मुली हल्ली थेट तिकडेच जातात.

मास्तरांना फोनसाठी एक पगारी बाई ठेवावी लागली. ती ठरल्या वेळी येते, ठरल्या वेळी जाते, आणि कोणी रडत बाहेर आलं तर त्याला नुसता दरवाजा दाखवते. तिचा पगार बँकेतून जातो. सल्लागाराने यंदाचे कागद बघून समाधान व्यक्त केलं, म्हणाला, हा खर्च कसा अगदी चोख आहे, कोणी बोट ठेवणार नाही. मास्तरांना इतकं चोख कधीच नको होतं.

संध्याकाळी मास्तरीणबाई स्वतः गाडी चालवत घरी येते. सेकंडहँड आहे, पण चारही चाकं आहेत. एकदा ती चपला काढत असताना मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय देतो गं तो तुला?"

"आमच्याकडे पगार बाहेर सांगायचा नाही असा नियम आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

नियम म्हटल्यावर मास्तरांना पुढे काही बोलता येईना.